सिगरेट सोडलीय, पण जेवणानंतरची आणि फोनवर बोलतानाची तलफ जात नाहीये, तुम्ही ती वेळ कशी काढता?

शांत_किनारा:

नमस्कार मंडळी. सिगरेट सोडलीय, अजून महिना पुरा व्हायचाय. त्याआधी बरीच वर्षं रोजचं एक पाकीट ठरलेलं, कामाचा ताण असला की दुसरंही फुटायचं. यावेळी सगळ्यांना सांगून सोडली, घरातले लायटर, ॲशट्रे सगळं टाकून दिलं, गाडी पण आतून साफ करून घेतली. सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले, डोकं जड, झोपेचं खोबरं आणि चिडचिड इतकी की मुलगी अभ्यासातलं काही विचारायला आली तरी मी खेकसायचो. ते आता बरंच निवळलंय.

जे निवळत नाहीये ते म्हणजे ठराविक वेळेला येणारी तलफ. एक जेवण झालं की, आणि दुसरी फोनवर. ऑफिसचा फोन कानाला लागला की दुसरा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जातो, मला कळायच्या आधी बोटं खिसा चाचपून मोकळी झालेली असतात, आणि खिसा रिकामा लागला की जी तलफ उसळते त्यात समोरचा काय बोलतोय तेच कळत नाही. दिवसभर मी ठीक असतो, ह्या दोन वेळांनाच वाटतं की आता काही खरं नाही, आज ओढली जाणार.

निकोटिनचा गम आणलाय, दोन मिलिग्रॅमचा, जेवण झालं की लगेच तोंडात टाकतो, पण उचक्या लागतात, छातीत जळजळतं आणि तलफ काही जात नाही. शिवाय मनात हे पण येतं की सिगरेटमधलं निकोटिन सोडून गममधलं घेतोय तर मग सोडलं काय? ज्यांनी खरंच सोडलीय त्यांनी सांगा, ती वेळ कशी काढायची आणि हे किती दिवस चालतं. भाषण नको, मनापासून विचारतोय.

पाऊलवाट:

सगळ्यात अवघड दिवस तुमचे मागे पडलेत हे आधी लक्षात घ्या. शरीराची जी ओढ असते ती पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असते आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत उतरते. आता जी येतेय ती सवयीची तलफ, ती मोजून मारता येते. पुढच्या वेळी आली की घड्याळाकडे बघा, खरंच बघा, मनात नको. तलफ वर चढते, टोकाला जाते आणि उतरते, हे सगळं बहुतेक वेळा तीन ते पाच मिनिटांत होतं, कधी फार तर दहा. आपल्याला वाटत असतं की ओढल्याशिवाय ही जाणारच नाही, पण ओढा किंवा ओढू नका, ती जातेच. मला हे कुणी सांगून पटलं नव्हतं, सेकंदकाटा बघत बसल्यावर पटलं. त्यानंतर भीती गेली, आणि माझ्या मते अर्धी तलफ त्या भीतीचीच असते.

औषधवाला:

मी फार्मसिस्ट आहे, गमबद्दल सांगतो, कारण तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणारे खूप जण असतात आणि बहुतेकांना गम कसा घ्यायचा ते कुणी सांगितलेलंच नसतं. नावात गम असला तरी तो साध्या च्युइंगगमसारखा सतत चघळायचा नाही. तोंडात टाकला की हळूहळू चावायचा, थोड्या वेळात तिखटसर चव येते, तोंडात मिरमिरल्यासारखं होतं. तिथे थांबायचं. मग तो गाल आणि हिरडीच्या मधे सरकवून नुसता ठेवून द्यायचा. मिरमिर गेली की परत दोन-चार वेळा चावायचा आणि दुसऱ्या बाजूला ठेवायचा, असा एक गम साधारण अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. सारखं चावत राहिलं की ते लाळेबरोबर पोटात जातं, मग उचक्या आणि जळजळ, आणि जे पोटातून शोषलं जातं त्यातलं बरंचसं यकृतच मोडून टाकतं, म्हणजे त्रास पुरा आणि उपयोग अर्धा.

आता महत्त्वाचं. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना काही खायचं-प्यायचं नाही, कॉफी, फळांचा रस, कोल्डड्रिंक तर मुळीच नाही, कारण तोंडात आंबटपणा असला की निकोटिन शोषलं जात नाही. तुम्ही जेवण झाल्या झाल्या गम टाकताय, म्हणजे तो जेव्हा सगळ्यात कमी चालतो नेमका तेव्हाच घेताय. म्हणून त्या वेळेसाठी एकट्या गमवर राहू नका, पॅचचा, म्हणजे त्वचेवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीचा विचार करा. पॅच सकाळी लावला की दिवसभर थोडं थोडं निकोटिन देत राहतो, आणि वर उसळणाऱ्या तलफेला गम. दोन्ही मिळून घेतलं तर एकट्यापेक्षा जास्त जणांची सिगरेट सुटते, हे अभ्यासातून नीट सिद्ध झालंय. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्यांना साधारणपणे २१ मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, मग १४ चा दोन आठवडे, मग ७ चा दोन आठवडे असा क्रम असतो. जागा रोज बदलायची नाहीतर त्वचा लाल होते, आणि रात्री भलतीच स्वप्नं पडायला लागली तर झोपताना काढून ठेवायचा. मात्र हृदयाचं काही असेल, नुकताच झटका येऊन गेला असेल, तर डॉक्टरांना विचारूनच.

एक विचारतो, सकाळी उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळात पेटायची? अर्ध्या तासाच्या आत असेल तर तुमच्यासाठी दोनचा गम कमी पडतोय, चारचा लागतो.

आणि निकोटिन सोडून निकोटिनच घेतोय हे मनातून काढून टाका. निकोटिनची सवय लागते हे खरं, पण फुप्फुसांची आणि रक्तवाहिन्यांची वाट लावतो तो मुख्यतः धूर, त्यातलं टार, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर शेकडो विषारी पदार्थ. झुरका मारला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, त्या झटक्याचीच चटक लागते. गममधून तेच हळूहळू, वीस-तीस मिनिटं घेत चढतं, त्यामुळे तो झटका नसतो, म्हणून सोडणंही सोपं जातं. ह्या गमचा उगमही असाच आहे, १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये लक्षात आलं की पाणबुडीवर ओढता येत नाही म्हणून खलाशी तोंडात तंबाखू धरून वेळ भागवतात, तिथून ओव्ह फर्नो यांनी हा गम तयार केला. म्हणजे धूर नाही पण निकोटिन मिळालं तर माणूस तग धरू शकतो, हेच ह्याच्या मुळाशी आहे.

मोकळा_श्वास:

शांत किनारा भाऊ, तुमचं खिशाचं वाचलं आणि पोटात कालवलं, अगदी तसंच व्हायचं माझं, फक्त माझा हात पर्सकडे जायचा. मला सोडून बरीच वर्षं झाली.

ह्याचा इच्छाशक्तीशी संबंध कमी आणि सरावाशी जास्त आहे. एका सिगरेटचे दहा झुरके धरले तर पाकीटभर ओढणारा दिवसाला दोनशे वेळा आणि वर्षाला सत्तर हजारांच्या वर तो हात तोंडाकडे नेतो. इतका रियाज दुसऱ्या कुठल्या गोष्टीचा होतो सांगा? आणि त्यातले कितीतरी फोनवर बोलताना. त्यामुळे फोन वाजला की मेंदूला सिगरेटची आठवण होणारच, तो त्याला शिकवलेलं काम करतोय. आता त्याला दुसरं शिकवायचं, आणि ते नुसतं ठरवून होत नाही, हाताला काम देऊन होतं.

मी काय केलं ते सांगते. फोन दुसऱ्या हातात घ्यायला लागले. म्हणजे ज्या हाताने ओढायचे त्याच हातात फोन, आणि मोकळ्या हातात पेन, कागदावर काहीही गिरवत राहायचं. ऐकायला अगदी किरकोळ वाटतं पण त्यामुळे सगळी साखळीच तुटते, पहिले काही दिवस फोन चुकीच्या कानाला लावल्यासारखं विचित्र वाटतं आणि ते विचित्र वाटणंच कामाचं असतं, कारण आपण जागे राहतो. शर्टाला खिसाच नको, बिनखिशाचे घाला काही दिवस. आणि पूर्वी जिथे उभं राहून फोनवर बोलत ओढायचात ती खिडकी, ती गॅलरी सध्या टाळा.

जेवणानंतर सगळ्यात वाईट म्हणजे ताटावर रेंगाळत बसणं. शेवटचा घास झाला की उठायचं, लगेच, आणि दात घासायचे. तोंड स्वच्छ झालं की जेवण संपलं असं मेंदूला दुसऱ्या कशातून तरी कळतं, आधी ते सिगरेटमधून कळायचं. मग पायात चप्पल घालून झपाझप चालायला जायचं, दहा-पंधरा मिनिटं. चालल्याने तलफ तेवढ्यापुरती खरंच खाली येते, आणि औषधवाला म्हणतात ती गमच्या आधीची पंधरा मिनिटंही त्यात निघून जातात. मुलीला सोबत न्या. तिला सांगून टाका की बाबा सिगरेट सोडतोय म्हणून चिडतोय, तुझ्यावर राग नाही. मुलांना खरं कारण कळलं ना की ती फार समजूतदारपणे घेतात, आणि आपल्यालाही बरं वाटतं.

आणखी एक कुणी सांगत नाही. चहा-कॉफी निम्म्यावर आणा. ओढणाऱ्याच्या शरीरात कॅफिन भराभर निकाली निघतं, ओढणं बंद झालं की तेवढ्याच कॉफीचं कॅफिन रक्तात खूप जास्त साठतं, मग धडधड, बेचैनी, झोप नाही, आणि आपण समजतो ही सिगरेटची तलफ. वजनाचं म्हणाल तर वाढतं थोडं, पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो, पण त्यासाठी आत्ता उपाशी राहू नका, भुकेल्या पोटी तलफ दुप्पट वाटते. आधी सिगरेट नीट सुटू द्या, वजन नंतर बघता येतं.

ठाम:

माझं मत वेगळं आहे. मी गम, पॅच, गोळ्या काही घेतलं नाही, एक दिवस ठरवलं आणि बंद केली ती बंद. मनाचा हिय्या झाला की कशाची गरज लागत नाही. तुम्ही इतके दिवस काढलेत म्हणजे तुमच्यात ती ताकद आहे, आता टेकू कशाला घेता?

औषधवाला:

ठाम दादा, तुम्हाला जमलं त्याबद्दल मनापासून अभिनंदन, आणि एकदम बंद करणं हा चांगलाच मार्ग आहे. पण ज्यांना जमलं ते सांगायला पुढे येतात, ज्यांना नाही जमलं ते गप्प बसतात. काहीच मदत न घेता सोडणाऱ्यांपैकी सहा महिने-वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात. औषध आणि समुपदेशन दोन्ही मिळालं की हे प्रमाण बरंच वाढतं. मेंदूतले निकोटिनचे रिसेप्टर, म्हणजे निकोटिन जिथे जाऊन चिकटतं त्या जागा, वर्षानुवर्षं ओढून संख्येने वाढलेले असतात, ते न ओढणाऱ्याच्या पातळीला यायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, तेवढा काळ आधार घेतला तर त्यात कमीपणा काय आहे?

गम-पॅचने भागलं नाही तर डॉक्टरांना व्हॅरेनिक्लिनबद्दल विचारा. ते निकोटिनच्याच रिसेप्टरवर जाऊन बसतं, थोडंसं समाधान देतं आणि कुणी ओढलीच तर मजा येऊ देत नाही. मळमळ होते, म्हणून पोटभर खाऊन आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं. पूर्वी त्याच्या मानसिक दुष्परिणामांची फार चर्चा झाली, पण २०१६ साली आठ हजारांवर लोकांचा मोठा अभ्यास आला त्यात तशी लक्षणीय वाढ दिसली नाही. ब्युप्रोपिऑन म्हणून दुसरं आहे, ते फिट येणाऱ्यांना चालत नाही. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच.

शांत_किनारा:

सगळ्यांचे खूप आभार, इतकं नेमकं सांगाल असं वाटलं नव्हतं. औषधवाला, पहिली सिगरेट डोळे उघडले की लगेच, तोंड पण धुवायच्या आधी. म्हणजे चारचा गम आणि पॅच दोन्हीबद्दल उद्याच डॉक्टरांशी बोलतो. मोकळा श्वास ताई, आज फोन हात बदलून घेतला, खूप अवघडल्यासारखं झालं पण हात खिशाकडे गेला नाही, कागद मात्र रेघोट्यांनी भरला. रात्री मुलीला पण सांगितलं सगळं.

अजून दोन गोष्टी. माझा एक जवळचा मित्र म्हणतो पूर्ण कशाला सोडतोस, दिवसाला एक जेवणानंतरची ठेव, एकाने काय होतंय. खरं सांगतो, ते ऐकल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. दुसरं म्हणजे खोकला उलट वाढलाय, ओढत होतो तेव्हा इतका नव्हता. हे कसं काय?

निशिगंध:

मी छातीच्या विकारांच्या वॉर्डात नर्स आहे, म्हणून ह्या दोन्हीवर लिहिते.

खोकल्याचं आधी. श्वासनळीच्या आतून बारीक केसांसारखे तंतू असतात, त्यांचं काम कफ आणि घाण वर ढकलायचं. धुराने ते बधिर झालेले असतात, ओढणं थांबलं की परत हलायला लागतात आणि आत साचलेलं बाहेर काढतात, म्हणून काही आठवडे खोकला वाढू शकतो. पाणी भरपूर प्या. मात्र कफात रक्त दिसलं, धाप लागली, वजन विनाकारण उतरलं किंवा खोकला तीन आठवड्यांच्या पुढे चालला तर सोडल्यामुळे होतंय म्हणून थांबू नका, छाती तपासून घ्या.

आता एकाचं. तुमच्या मित्राला तुमचं वाईट करायचं नाहीये हे मला माहितीय, पण त्याचं म्हणणं चुकीचं आहे, दोन कारणांनी. बहुतेकांना वाटतं वीसावरून एकवर आलो तर धोकाही विसाव्या भागावर येईल. हृदयाच्या बाबतीत तसं होत नाही. २०१८ मध्ये बऱ्याच अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं त्यात दिसलं की दिवसाला एक ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. निम्मा, विसावा भाग नाही. दुसरं कारण असं की दिवसाला एक ठेवली की उरलेला सगळा दिवस त्या एकीची वाट बघण्यात जातो, मेंदू विसरतच नाही. रोज एक म्हणजे रोज नव्याने सोडणं. मी वॉर्डात बघते, एक ठेवलेली माणसं काही आठवड्यांत पुन्हा पाकिटावर आलेली असतात, आणि जी पूर्ण बंद करतात त्यांना पुढे पुढे ती आठवण पण कमी येते.

तरीही कधी लग्नकार्यात, भांडणात एखादी ओढली गेलीच, तर आता गेलंच सगळं म्हणून पाकीट विकत घेऊ नका. उरलेली तिथेच चुरगाळून टाका, गम-पॅच चालू ठेवा आणि ज्याला सांगून सोडलीय त्याला त्याच दिवशी सांगा. लपवलं की दुसरी ओढली जाते.

कशासाठी करतोय असं वाटायला लागलं तर हे आठवा. ब्रिटनमध्ये १९५१ पासून हजारो डॉक्टरांच्या सिगरेटच्या सवयीचा मागोवा घेतला गेला, रिचर्ड डॉल यांचा अभ्यास, पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ ला आले. ओढत राहणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिसाव्या वर्षी सोडलेल्यांची ती जवळजवळ सगळी वर्षं वाचली, चाळिसाव्या वर्षी सोडलेल्यांची साधारण नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षी सोडूनही तीन. माझ्या वॉर्डात आता काय उपयोग म्हणणारे साठीचे पेशंट असतात, त्यांना मी तीन वर्षांचं सांगते. तीन वर्षांत नातवंड चालायला, बोलायला लागतं. तुमची तर मुलगी अजून शाळेत आहे.

नवा_सभासद:

मधेच विचारतो, माफ करा. हा धागा वाचून वडील पण सोडायला तयार झालेत, मला इतका आनंद झालाय. पण त्यांना दम्यासाठी थिओफिलिनच्या गोळ्या चालू आहेत आणि आईला वाटतंय की गोळ्या चालू असताना अचानक बंद करू नये. तिचं बरोबर आहे का? आत्ताच सुरुवात करू की थांबू?

औषधवाला:

सोडणं थांबवू नका, पण त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा की अमुक तारखेपासून सिगरेट बंद होतेय. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत काही औषधं जास्त वेगाने मोडतं, थिओफिलिन त्यातलंच. ओढणाऱ्याला त्यामुळे डोस जास्त लावलेला असू शकतो, आणि ओढणं थांबलं की काही दिवसांतच तोच डोस जड व्हायला लागतो. मळमळ, उलटी, छातीत धडधड, हात थरथरणं असं काही दिसलं तर लगेच दाखवायचं. डॉक्टर बहुतेक डोस कमी करतील आणि रक्तातली पातळी तपासतील. क्लोझापिन, ओलान्झापिन ही मानसिक आजारावरची औषधं घेणाऱ्यांनाही हेच लागू, आणि रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती वेळात गोठतं ती तपासणी, जरा लवकर लवकर बघावी लागते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे पॅच लावला तरी डोसचं बघावंच लागेल. आईला सांगा, काळजी बरोबर आहे, फक्त उपाय सिगरेट चालू ठेवणं नाही, गोळीचा डोस बदलून घेणं आहे. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घेऊन जा.